पाळणा थांबवायचा कोणी?

माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला सिझर करायचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले, पेपर चाळले आणि माझ्या उशाशी बसलेल्या सासूबाईंना म्हणाले, "उद्या पोट उघडतोच आहोत, तर नसबंदीचं ऑपरेशनही त्यातच उरकून टाकू. परत वेगळं नको." सासूबाईंनी मान डोलावली. नवरा खाली औषधं आणायला गेला होता. मी कॉटवर होते, जागी होते, सगळं ऐकत होते. मला कोणी विचारलं नाही आणि नवऱ्याला विचारावं असं तर कोणाच्या मनातही आलं नाही. मी धीर करून "आत्ता नको" एवढंच म्हणाले. डॉक्टर जरा नाराज झाले. त्यांच्या मते ते माझ्या सोयीचंच बोलत होते.

त्याला आता सतरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात माझ्या भाचीचा फोन आला. तिचं लग्न ठरलंय, दोघं पुण्यात नोकरीला आहेत, दोन-तीन वर्षं तरी मूल नको आहे. "मावशी, गोळ्या सुरू करू की कॉपर टी बसवून घेऊ?" मी विचारलं, "त्याचं काय म्हणणं आहे?" ती म्हणाली, "त्यात त्याला काय विचारायचं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते मला जास्त लागलं. माझ्या आईच्या वेळेपासून शिक्षण बदललं, पगार बदलले, घरं बदलली, आणि हा विषय मात्र आजही बाईनेच बाईला विचारायचा विषय आहे.

साधन कसं निवडावं याचे तक्ते आता फोनवर कुठेही मिळतात. शंभर जोडपी वर्षभर निरोध वापरत असतील, तर रोजच्या वापरातल्या चुका धरून त्यांतल्या साधारण १३ जणींना दिवस जातात. गोळ्या घेणाऱ्यांत साधारण ७, तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर ४, तांबी (कॉपर टी) बसवलेल्यांत एकीहूनही कमी. स्त्रीच्या नसबंदीत दोनशेत एक, पुरुषाच्या नसबंदीत त्याहूनही कमी. काहीच न वापरणाऱ्यांत ८५. हे आकडे प्रत्येक जोडप्याला माहीत असायलाच हवेत. पण नुसता तक्ता समोर ठेवून बसलं की एक गोष्ट हातातून निसटते. प्रत्येक साधनामागे दोन ओझी असतात. एक वापरण्याचं: आणायचं, आठवणीने घ्यायचं, टोचून किंवा बसवून घ्यायचं, त्याचा त्रास काढायचा. दुसरं फसण्याचं: पाळी चुकली की पोटात खड्डा पडतो ते, पुढचा दवाखाना, गर्भपात नाहीतर नको असताना आलेलं बाळंतपण. हे दुसरं ओझं बाईच्याच शरीरावर आहे आणि ते वाटून घेता येत नाही. पहिलं येतं. माझं म्हणणं इतकंच आहे की दुसरं ओझं तिच्या एकटीवर आहे हे मान्य असेल, तर पहिलं जमेल तेवढं पुरुषाने उचलावं, आणि कोणतं साधन यावर शेवटचा शब्द तिचा असावा.

प्रत्यक्षात काय चाललंय ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. ज्यांच्या नवऱ्याची झाली होती अशा ०.३ टक्के. निरोध वापरणारी जोडपी साडेनऊ टक्के, गोळ्या पाच, तांबी दोन. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं आहे आणि पुरुषांचा आकडा अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. ही ऑपरेशनं साधारण पंचविशीच्या आसपास होतात. म्हणजे ज्या वयात शहरातल्या मुलीला आपण "अजून वेळ आहे" म्हणतो, त्या वयात गावातली मुलगी या विषयातून कायमची बाहेर पडलेली असते. त्याच पाहणीत ३५ टक्के पुरुषांनी "गर्भनिरोध हे बायकांचं काम आहे" या विधानाला होकार दिला. उरलेले ६५ टक्के काय करतात, हे वरचे आकडेच सांगतात.

याला निवड म्हणायला माझं मन घेत नाही. निवड म्हणजे चार वस्तू समोर मांडलेल्या असणं आणि त्यांतली एक उचलणं. आपल्याकडे बहुतेकींच्या वाट्याला एक ठरलेली वाट येते. लग्नानंतर काही महिने "सांभाळून" राहायचं, म्हणजे सगळं नवऱ्याच्या ताब्यावर सोडायचं. चुकलं तर संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी. मग पहिलं मूल, दुसरं मूल, आणि ऑपरेशन. मधलं अंतर राखायची साधनं प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात: निरोध, माला-एन, पाच आणि दहा वर्षांची तांबी, 'अंतरा' इंजेक्शन, आठवड्याची 'छाया' गोळी. तरी त्या वाटेवर त्यांची भेट क्वचितच होते. 'छाया'चंच बघा. तिच्यात हार्मोन्स नाहीत, ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदाच घ्यायची. माझ्या ओळखीच्या शिकलेल्या बायकांत हे माहीत असलेल्या दोघी-तिघी निघाल्या.

आणि हे त्या महाराष्ट्रात, जिथे ही चर्चा शंभर वर्षांपूर्वी सुरू झाली. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र उघडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्रही त्याच वर्षीचं. या कामापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली, तरी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत राहिले. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. पुढे १९३८ साली मुंबई विधिमंडळात आंबेडकरांच्या पक्षाचे सदस्य प्र. ज. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव आणला. त्यासाठी आंबेडकरांनी तयार केलेल्या भाषणात एक युक्तिवाद आहे: बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागत असत्या, तर एकाहून जास्त मूल होऊ द्यायला कोणताच पुरुष तयार झाला नसता. ठराव फेटाळला गेला. ८५ वर्षांहून जास्त काळ लोटला तरी त्या युक्तिवादाला उत्तर कोणी दिलेलं नाही.

मग पुरुष यातून बाहेर कसे पडले? ते नेहमीच बाहेर नव्हते, हे आज फार थोड्यांना आठवतं. १९६८ साली सरकारने 'निरोध' बाजारात आणला, पंधरा पैशांत तीन. चहा-साबणाच्या कंपन्यांच्या गाड्यांतून तो खेड्यातल्या टपरीपर्यंत पोचला. साठ-सत्तरच्या दशकांत पुरुषांची नसबंदी स्त्रियांपेक्षा जास्त होत असे. आणीबाणीत त्याचं जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या, आणि कितीतरी सक्तीने. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. तो जुलूम होता, त्यात दुमत नाही. पण त्यातून राज्यकर्ते काय शिकले? सक्ती वाईट, हे शिकायला हवं होतं. ते शिकले की पुरुष चिडतात आणि मतं जातात. कार्यक्रम मुकाट्याने बायकांकडे वळला, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची शिबिरं आली, उद्दिष्टं आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या दिवसांत तिथल्या शिबिरांतल्या तेरा बायका दगावल्या. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. बायका चिडून रस्त्यावर येत नाहीत, याची किंमत त्या तेरा जणींनी मोजली असं मला वाटतं.

आता निरोधाकडे येते, कारण नव्या जोडप्यांच्या बाबतीत मुख्य प्रश्न तोच असतो.

निरोधावरचा पहिला आक्षेप असतो की तो फसतो. तेराचा आकडा त्यातूनच आलेला आहे. पण दर वेळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वापरला तर शंभरात दोघींनाच दिवस जातात. दोन आणि तेरा यांच्यातलं अंतर रबराचं नाही, सवयीचं आहे. कशा सवयी? "आज राहू दे" ही पहिली. अर्ध्यातून घालणं ही दुसरी. महिनोन्महिने खिशातल्या पाकिटात ठेवून उबेने खराब करणं, मुदत न बघणं, टोकाला जागा न सोडणं. आणि आपल्या घरांत हमखास होणारी चूक म्हणजे खोबरेल तेल. तेलाने, व्हॅसलिनने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं आणि फाटतं. पाण्यावर आधारलेलं वंगणच वापरायचं असतं. हे कोणी सांगितलंय का कोणाला? दहावीच्या पुस्तकात एक परिच्छेद असतो आणि बहुतेक वर्गांत तो "घरी वाचा" म्हणून सोडून दिला जातो. २०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने निरोधाच्या जाहिराती टीव्हीवर रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळेत दाखवा असं सांगितलं. त्या जाहिराती मलाही भडक वाटायच्या. पण भडक नको असतील तर साध्या करायला सांगायचं होतं. विषयच रात्रीत ढकलून दिला.

दुसरी अडचण खोल आहे. नव्वदच्या दशकात एड्सच्या भीतीच्या दिवसांत निरोधाचा प्रचार झाला तो रोगापासून बचाव म्हणून. तो प्रचार गरजेचाच होता आणि त्याने जीव वाचवले. पण त्यामुळे निरोध "बाहेरच्या" संबंधांशी जोडला गेला. लग्नाच्या बायकोने नवऱ्याला "वापर" म्हटलं की "माझ्यावर संशय आहे का?" हा प्रश्न आलाच. आणि नवऱ्याने आपणहून आणला तर तिच्याच मनात पाल चुकचुकते. ट्रक चालवणारे, हंगामाला परमुलखात जाणारे, महिनोन्महिने मुंबईत एकटे राहणारे नवरे ज्या घरांत आहेत, तिथे या अबोल्याने किती जणींना नवऱ्याकडूनच एचआयव्ही मिळाला हे या राज्याने पाहिलेलं आहे. तांबी, गोळी, इंजेक्शन, ऑपरेशन यांतलं काहीही त्यापासून वाचवत नाही. निरोध वाचवतो.

तरीसुद्धा "निरोधच वापरा" असं मी सरसकट म्हणणार नाही. माझ्याच म्हणण्यातली अडचण मला दिसते. निरोध वापरण्याचं काम त्याचं, पण तो फसला तर भोगणं तिचं. म्हणजे तिची सगळी सुरक्षितता त्याच्या दर वेळच्या शहाणपणावर टांगलेली. ज्या नवऱ्याला "आज नको" म्हटलेलं ऐकू येत नाही, त्याच्या निरोधावर विसंबणं धोक्याचं आहे. अशा घरात बाईने गुपचूप इंजेक्शन घेतलं तर ती शहाणी आहे. आणि नवरा कितीही समजूतदार असला, तरी जिला पुढची तीन वर्षं दिवस जाणं मुळीच परवडणार नाही, तिने तांबी बसवावी, हे तक्ता स्पष्ट सांगतो. मूल झालेलं नसलं तरी तांबी बसवता येते, काढली की लगेच दिवस राहू शकतात. फक्त तिने पाळीचा रक्तस्राव वाढू शकतो, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे. म्हणून आधी हिमोग्लोबिन बघायला हवं, लोहाच्या गोळ्या चालू हव्यात. इंजेक्शनने पाळी अनियमित होते, कधी थांबतेच, आणि बंद केल्यावर मूल राहायला सहा-आठ महिने किंवा जास्तही लागू शकतात. रक्तदाब किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणारी अर्धशिशी असेल तर नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत. हे सगळं तिच्या शरीरात होणार आहे, म्हणून निवड तिची. पण त्याचा वाटा तिथे संपत नाही. तारखा त्याने लक्षात ठेवाव्यात, दवाखान्यात सोबत जावं, जास्त रक्त जाणाऱ्या दिवसांत घरकाम आपल्याकडे घ्यावं. ती कंटाळली, "काढून टाकते" म्हणाली, तर पुढची जबाबदारी आपली आहे हे समजून निरोध हाती घ्यावा, आणि मग त्यात चालढकल करू नये.

७२ तासांच्या गोळीबद्दल थोडंच लिहिते. २००७ पासून तिची जाहिरात घरोघरी पोचली. निरोध फाटला, जबरदस्ती झाली, अशा वेळी ती फार मोलाची आहे आणि तिच्याबद्दल पसरवलेली भीती खोटी आहे. पण महिन्यातून दोन-तीनदा तीच घेणाऱ्या मुली मी पाहते. ती नेहमीच्या गोळ्यांपेक्षा कमी खात्रीची आहे, पाळीचं वेळापत्रक विस्कटते, आणि तिच्या भरवशावर मुलगा निरोध घ्यायचा सोडून देतो.

मुलं झाली, आता पुरे असं दोघांनाही वाटतंय, तेव्हा मात्र मला दोन बाजू दिसत नाहीत. त्या वेळी पुरुषाची नसबंदी हाच पहिला विचार असावा. बिनटाक्याच्या पद्धतीत जागा बधिर करून एक बारीक छिद्र पाडतात, वीस मिनिटांत काम होतं, त्याच दिवशी माणूस चालत घरी जातो. बाईचं पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते. पुरुषाची जास्त सोपी, जास्त सुरक्षित आणि जास्त खात्रीची. सरकार पुरुषाला बाईपेक्षा जास्त मोबदला देतं, दरवर्षी नोव्हेंबरअखेरीस पुरुष नसबंदीचा पंधरवडा पाळतं, तरी आकडा हलत नाही.

माझ्या नवऱ्याने माझं सिझर झाल्यावर चौथ्या महिन्यात करून घेतली. आदल्या रात्री तो घाबरलेला होता आणि मला त्याच्या घाबरण्याचा राग आला होता. आता वाटतं, घाबरणं साहजिक होतं. त्याला धीर देणारा एकही पुरुष आसपास नव्हता, कारण केलेल्यांपैकी कोणी बोलतच नाही. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. "कमावता माणूस आहे, अशक्तपणा आला तर?" आला नाही. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड उचललं नाही, मग नेहमीसारखं. अंडकोषातून संप्रेरकं तशीच तयार होत राहतात, इच्छा आणि ताकद तशीच राहते, वीर्यही जवळपास तेवढंच असतं, फक्त त्यात शुक्रजंतू नसतात. थोड्या पुरुषांना नंतर बराच काळ दुखतं, हेही खरं आहे आणि ते आधी सांगायला हवं.

पण अशक्तपणा हे सांगायचं कारण. खरी कारणं बायका स्वयंपाकघरात बोलतात. एक, "उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर त्याला दुसरं लग्न करता यायला हवं." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि ज्या मुलीबद्दल ते चाललं होतं ती तिथेच भाकऱ्या थापत होती. दुसरं कारण बायकांचं स्वतःचं आहे आणि ते ऐकून माझ्या पोटात कालवलं होतं. "त्याची झाली आणि मला दिवस गेले तर? लोक मला काय म्हणतील?" म्हणून कित्येक जणी नवऱ्याला अडवतात आणि आपलंच पोट पुढे करतात. या भीतीवर नुसती समजूत पुरत नाही, उपाय लागतो. नसबंदीनंतर लगेच संरक्षण मिळत नाही. तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. शुक्रजंतू नाहीत असा कागद हातात आला की झालं. ती तपासणी बहुतेक पुरुष टाळतात, आणि नसबंदी फसल्याच्या हकिकतींत अनेकदा हेच निघतं. तो कागद बायकोच्या अब्रूचा कागद आहे. आरोग्यसेवकाने घरी जाऊन पाठपुरावा करून तो मिळवून द्यायला हवा.

नसबंदीच्या संमतिपत्रावर जोडीदाराची सही सरकारी नियमांनुसार लागत नाही. तरी कितीतरी दवाखाने बाईकडून नवऱ्याची सही मागतात. नियम बरोबर आहे, ज्याचं शरीर त्याचीच सही. मला नवऱ्याची सही नको आहे, त्याचं तिथे असणं हवं आहे. गरोदरपणाच्या तपासण्यांना तो गाडीवर बसून बाहेर थांबतो, त्याला आत बोलवा. आशाताई बायकांशी बोलतात, पुरुषांशी बोलायला त्यांना संकोच होतो आणि गावही नावं ठेवतं. उपकेंद्रातल्या पुरुष आरोग्यसेवकावर ते काम सोपवा, आणि किती पुरुषांशी बोलणं झालं याचा हिशेब किती ऑपरेशनं झाली याच्याआधी मागा. खरगपूरच्या आयआयटीत सुजॉय गुहा यांनी शोधलेल्या पुरुषांच्या इंजेक्शनचे ३०३ पुरुषांवरच्या चाचणीचे चांगले निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ते उद्या बाजारात आलं तरी टोचून घ्यायला कोणीतरी पुढे यायला हवं, आणि ती तयारी आज निरोधापासूनच होते.

भाचीला मी कोणतं साधन घे ते सांगितलं नाही. दोघांनी मिळून डॉक्टरकडे जा, तुझं हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या, लग्नाआधी दोघांची एचआयव्ही तपासणी करा, आणि बोलून ठरवा, एवढंच सांगितलं. आठवड्याने तिचा परत फोन आला. अपॉइंटमेंट घेतली होती. तो विचारत होता, मी आत येऊ की बाहेर थांबू?

"आत ये म्हणावं," मी म्हटलं. "खुर्ची ओढून बस म्हणावं."